न पाहिलेल्या राजांचे चेहरे

१५८० ते १६४० या काळात पोर्तुगालच्या गादीवर स्पेनचे फिलिप राजे होते, म्हणजे वसईसह आपले भुईगावही त्यांच्याच अमलाखाली. त्यांतल्या दुसऱ्या फिलिपचा चेहरा तिशियनने समक्ष पाहून रंगविला. पण १८४७ साली माद्रिदच्या राजसंग्रहालयाचे संचालक होसे दे मद्रासो यांनी स्पेनच्या साऱ्या राजांची चित्रमालिका हाती घेतली. चौदाशे वर्षांपूर्वीच्या आतौल्फोचा चेहरा आणावा कोठून? तो कल्पनेनेच रेखाटला गेला! राणी दुसऱ्या इसाबेलच्या वारसाहक्काविरुद्ध तेव्हा कार्लपंथीयांचे बंड चालू होते. अशा वेळी अखंड राजपरंपरा डोळ्यांसमोर उभी राहणे तिला सोयीचेच होते. आपल्याकडेही शिवछत्रपतींचे म्हणून एका भलत्याच सरदाराचे चित्र रूढ होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचे चित्र पुढे आणले. आतौल्फोसाठी बेंद्र्यांनाही काही सापडले नसते.