विश्लेषण : व्हॅनमधला रात्रीचा मुक्काम नेमका कुठे फसतो?

गाडीतच झोपायचे, गाडीतच चहा करायचा आणि सकाळी दार उघडले की समोर समुद्र किंवा सह्याद्रीचा कडा. समाजमाध्यमांवरील अशा चित्रफिती पाहून कुणी भाड्याची कॅम्परव्हॅन घेतो, कुणी जुन्या व्हॅनची मागची सीट काढून गादी टाकतो. प्रत्यक्षात पहिल्याच रात्री कुठे बॅटरी उतरते, कुठे मध्यरात्री काचेवर टकटक होते, तर कुठे पहाटे चाकाखालची वाळू सरकते. यातील बहुतेक फजिती दुसऱ्या दिवशी हसून सांगता येते. मात्र, एक-दोन चुका जिवावर बेततात.

सर्वांत मोठा धोका कोणता?

चोर नाही, जंगली प्राणीही नाही. सर्वांत मोठा धोका बंद गाडीतल्या हवेचा आहे. डिसेंबर २०२४मध्ये केरळमधील कोळिकोड जिल्ह्यात, वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत आढळले. जनरेटरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने त्यांचा मृत्यू झाल्याचे तपासातून पुढे आले.

या वायूला रंग नसतो आणि वासही नसतो. इंधन अर्धवट जळाले की तो तयार होतो. मग ते इंजिन असो, जनरेटर असो, गॅसची शेगडी असो की कोळशाची. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या तुलनेत दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. परिणामी श्वास सुरू असतो, पण शरीराला प्राणवायू मिळत नाही. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही सुरुवातीची लक्षणे. जागा असलेला माणूस अस्वस्थ होऊन दार उघडतो. झोपलेल्याला ती संधीच मिळत नाही.

म्हणूनच इंजिन सुरू ठेवून एसी लावून झोपणे धोक्याचे ठरते. धावत्या गाडीचा धूर मागे पडतो. उभ्या गाडीचा धूर तिच्याभोवती साचतो आणि तळाच्या फटीतून, गळक्या सायलेन्सरमधून किंवा वायरसाठी पाडलेल्या भोकातून आत येऊ शकतो. भिंतीला पाठ लावून किंवा बंदिस्त शेडमध्ये उभ्या केलेल्या गाडीत हा धोका आणखी वाढतो. थंडीत ऊब मिळावी म्हणून पेटती कोळशाची शेगडी आत घेणे तर कोणत्याही परिस्थितीत टाळायला हवे.

मग डिटेक्टर लावला की झाले?

डिटेक्टर हवाच, पण तो कुठे लावायचा हेही महत्त्वाचे आहे. कार्बन मोनॉक्साइडचे वजन जवळपास हवेइतकेच असते, त्यामुळे तो आतल्या हवेत सहज मिसळतो. त्याचा डिटेक्टर झोपताना डोके जिथे असते, साधारण त्या उंचीवर लावावा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर खाली, पलंगाच्या पातळीखाली साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर फरशीजवळ लागतो. एकच यंत्र छताला चिकटवून दोन्ही धोके टळत नाहीत.

डिटेक्टर असला तरी दोन समोरासमोरच्या काचा बोटभर उघड्या ठेवणे आणि रात्री सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करणे याला पर्याय नाही. डोके जड वाटू लागले, तर कारण शोधत बसण्याआधी सर्वांनी बाहेर मोकळ्या हवेत यावे आणि १०८ किंवा ११२ क्रमांकावर मदत मागवावी.

सकाळी गादी ओली का होते?

छत गळाले नसतानाही सकाळी काचांवरून पाणी ओघळते आणि गादीची खालची बाजू दमट लागते. नवख्या व्हॅनवाल्यांची ही नेहमीची तक्रार. एक प्रौढ माणूस रात्रभरात श्वास आणि घामावाटे साधारण पाव लिटर पाणी बाहेर टाकतो. दोघे झोपले की अर्धा लिटर. त्यात आत स्वयंपाक केला असेल तर भर पडते, कारण एक किलो एलपीजी जळाला की सुमारे दीड किलो पाण्याची वाफ तयार होते. ही सगळी वाफ थंड काचेवर आणि पत्र्यावर जाऊन पाणी होते.

थंडी वाजते म्हणून काचा पूर्ण बंद केल्या की ओल वाढते. ओल वाढली की गादीला बुरशी आणि पत्र्याला गंज. उपाय साधा आहे. वरची खिडकी किंवा व्हेंट थोडे उघडे ठेवावे, गादीखाली लाकडी पट्ट्या टाकून हवा खेळती ठेवावी आणि ओले टॉवेल आत वाळत घालू नयेत. थोडक्यात, जी फट जीव वाचवते, तीच गादीही कोरडी ठेवते.

गाडी सकाळी सुरू का होत नाही?

याचे उत्तर गुणाकारात आहे. गाडीची बॅटरी ६० अँपिअर-अवरची आहे असे समजू. छोटा फ्रीज सरासरी दोन अँपिअर घेतो, पंखा दीड, दिवे आणि मोबाइल चार्जर मिळून दीड. म्हणजे तासाला पाच. आठ तासांत ४० अँपिअर-अवर संपले. उरलेल्या २० मध्ये स्टार्टर फिरेलच असे नाही, कारण त्याला त्या क्षणी शंभर-दोनशे अँपिअरचा झटका लागतो.

इंजिन सुरू करणारी बॅटरी थोड्या वेळात मोठा प्रवाह देण्यासाठी बनवलेली असते. ती वारंवार निम्म्याखाली उतरवली तर तिचे आयुष्यही घटते. बंद गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपासचा आकडा म्हणजे बॅटरी भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी. लायटरच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा व्होल्टमीटर हे दाखवतो. खरा उपाय म्हणजे राहण्याच्या उपकरणांसाठी वेगळी बॅटरी. ती नसेल तर रात्री फ्रीज बंद ठेवावा आणि सोबत जंपर केबल असावी. ऑटोमॅटिक गिअरची गाडी धक्का मारून सुरू होत नाही, हे अनेकांना निर्जन ठिकाणीच कळते.

समुद्रकिनारी गाडी कुठे लावावी?

वाळूत तर नकोच. कोकणात अनेक किनाऱ्यांवर वाहन नेण्यास मनाई आहे. ती झुगारून वाळूत उतरलेल्या गाड्या पाण्यात अडकल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. यामागे भरती-ओहोटीचे साधे गणित आहे.

किनाऱ्यावरची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट म्हणजे सव्वाअकरा. हा अंदाजी हिशेब असला, तरी त्यातून फसगत कशी होते ते समजते. पौर्णिमेला संध्याकाळी पाच-सहाला ओहोटी असते. पाणी दूर गेलेले, वाळू ओली आणि टणक. गाडी आरामात उतरते. भरती आणि ओहोटीत सुमारे सहा तासांचे अंतर असल्याने, सगळे झोपल्यावर पाणी परत येते आणि तेही उधाणाचे. मुंबईच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणात पाण्याची पातळी साडेचार मीटरच्या वर जाते. म्हणजे ज्या रात्री चांदणे सर्वांत सुंदर, त्याच रात्री वाळूतली गाडी सर्वांत धोक्यात.

वाळू सोडून वाडीच्या कडेला गाडी लावली तरी एकदा वर पाहावे. माडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर नारळ पडला तर काच किंवा पत्रा यापैकी एकाचा खर्च ठरलेला.

घाटात आणि महामार्गावर काय?

पावसाळ्यात ताम्हिणी, वरंध, आंबोली अशा घाटांत रस्त्याकडेची प्रशस्त जागा मोहात पाडते. पण कड्याच्या पायथ्याला ताजी माती आणि सुटे दगड दिसत असतील, तर तिथे दरड आलेली आहे आणि पुन्हा येऊ शकते. ओढ्याच्या पात्रालगतची किंवा मोरीजवळची सपाट जागाही टाळावी. वर डोंगरात पाऊस पडला की खाली पाणी अचानक चढते.

उतारावर गाडी लावायची वेळ आलीच, तर हँडब्रेकबरोबर गिअर टाकून ठेवावा, चाकाला लाकडी ठोकळा लावावा आणि डोके चढाच्या बाजूला करून झोपावे. ठोकळ्याऐवजी दगड लावला असेल, तर निघताना तो रस्त्यातून उचलून ठेवायला हवा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचा जीव त्यावर अवलंबून असतो.

द्रुतगती महामार्गाच्या कडेच्या पट्ट्यात ‘अर्धा तास डोळा लावू’ म्हणून थांबणे सर्वांत वाईट. मागून भरधाव येणाऱ्या डुलकी लागलेल्या चालकाला उभी गाडी वेळेत दिसत नाही. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३ या क्रमांकावर मदत मिळते.

रात्री कुणी हटकले तर?

कायद्यानुसार, धोकादायक किंवा इतरांना अडथळा होईल अशा ठिकाणी वाहन उभे करणे गुन्हा ठरतो. मनाई असलेल्या जागेत उभे केलेले किंवा सार्वजनिक ठिकाणी दहा तासांहून अधिक काळ बेवारस सोडलेले वाहन मोटार वाहन कायद्याच्या कलम १२७ नुसार उचलून नेता येते. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास कायद्यानेच बंदी असून दंडाची तरतूद आहे. समुद्रासमोर शेगडी मांडून केलेला नाश्ता त्यामुळे महागात पडू शकतो. अभयारण्याच्या हद्दीत वन विभागाच्या परवानगीविना मुक्काम करता येत नाही.

गाडीतले बदलही तपासले जातात. कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे स्वतंत्र मानक आहे. परवानगी न घेता गाडीच्या रचनेत बदल केल्यास प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. महाराष्ट्राने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणले. त्यात कॅराव्हॅनबरोबरच कॅराव्हॅन पार्कचाही विचार आहे.

मात्र, मध्यरात्रीची टकटक बहुतेकदा कायद्यामुळे होत नाही, ती संशयामुळे होते. गडाच्या पायथ्याच्या वाडीत अनोळखी गाडी रात्रभर उभी दिसली की गावकरी चौकशी करणारच. अंधार पडण्याआधी ‘काका, आज रात्री इथे गाडी लावली तर चालेल का?’ असे विचारले, की बऱ्याचदा जागा मिळते आणि पाण्याचा नळही. थोडे शुल्क मागितले तर ते देणे रास्तच.

ट्रकचालक काय वेगळे करतात?

गाडीत झोपण्याचा सर्वाधिक अनुभव या मंडळींकडे आहे. उजेड आणि वर्दळ असलेला ढाबा किंवा पेट्रोल पंप ते निवडतात आणि थांबण्याआधी मालकाला विचारतात. त्यांच्यासाठी हा हौसेचा नव्हे, तर पोटाचा प्रश्न आहे. उकाड्यात केबिनमध्ये झोप न झालेला चालक दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगवर पेंगतो. ऑक्टोबर २०२५पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकच्या केबिनमध्ये एसी सक्तीचा करण्यामागे हेच कारण आहे.

ढाब्यावर व्हॅन लावताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, शीतगृहाचा कंटेनर शेजारी नको. त्याचे कूलिंग यंत्र रात्रभर घरघरते आणि धूरही सोडते. दोन, कोपऱ्यात शिरू नये. पहाटे पुढे-मागे ट्रक लागलेले असतात आणि त्यांचे चालक गाढ झोपेत.

झोपण्याआधीची दहा मिनिटे

बहुतेक फजिती टाळण्यासाठी महागडे साहित्य लागत नाही, उजेड असताना मारलेली एक फेरी पुरते. गाडीचे तोंड बाहेर पडण्याच्या दिशेने आहे का? वर झाड, दरड किंवा वीजवाहिनी आहे का? इंजिन आणि गॅस बंद आहे का? दोन काचा किंचित उघड्या आहेत का? मागच्या दाराचे चाइल्ड लॉक काढले आहे का? ते लागलेले असेल तर मागे झोपलेल्याला आतून दार उघडता येत नाही. किल्ली नेहमीच्या जागी आहे का? रात्री बाहेर जाताना ती खिशात हवी, कारण काही गाड्यांची दारे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात.

सकाळी निघतानाही अशीच एक फेरी. छताचे व्हेंट, बाहेर काढलेली पायरी, कपाटांच्या कड्या. कडी विसरली तर पहिल्या वळणावर तेलाची बरणी खाली येते आणि तो वास पुढचे सहा महिने सोबत करतो. सांडपाणी आणि कचरा मात्र तिथेच सोडून जाऊ नये. पुढच्या व्हॅनला त्या गावात जागा मिळणार की नाही, हे त्यावरच ठरते.