तांब्यातली रेघ, चेहऱ्यावरची सावली

स्टीलच्या डब्यावर नाव घालून घेताना दुकानात उभे राहून पाहिले आहे? सुई टेकते आणि ठिपक्याठिपक्यांतून अक्षरे उमटतात. त्याच ठिपक्यांत शाई भरून वर कागद दाबला, तर नाव उलटे उठेल. शिवाजी महाराजांचे एक जुने चित्र पाहताना ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

डच धर्मोपदेशक फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन याचा पूर्वेकडील देशांवरचा पाच खंडी ग्रंथ 1724 ते 1726 या काळात छापला गेला. त्यात महाराजांचे ताम्रपटावर कोरून छापलेले व्यक्तिचित्र आहे. युरोपात तेव्हा बरोक शैलीचा उत्तरार्ध चालू होता, आणि उजेड-सावलीचा खेळ हा त्या शैलीचा प्राण.

पण छापकामाला शाई एकच, काळी. मग करडी सावली येते कुठून? कोरक्याच्या हातातल्या पोलादी कोरणीचे टोक तिरपे घासलेले असते. ते तांब्यात जितके खोल जाईल तितकी रेघ रुंद होते आणि तितकीच जास्त शाई धरते. पत्रा पुसून त्यावर ओलसर कागद ठेवतात आणि रुळाखालून काढतात. दाबाने कागद खाचेत शिरून शाई उचलतो. साधारण 35 सेंटिमीटरवरून आपल्या डोळ्याला 0.1 मिलिमीटरपेक्षा जवळच्या रेघा सुट्या दिसत नाहीत. त्या मिसळून करड्या भासतात. फ्रेंच कोरक्या क्लोद मेलाँ याने 1649 मध्ये या युक्तीची कमाल केली. नाकाच्या शेंड्यापासून निघालेली एकच रेघ गोलगोल फिरवत, कुठे जाड तर कुठे बारीक करत, त्याने ख्रिस्ताचा अख्खा चेहरा उभा केला.

आता महाराजांच्या चित्राकडे वळू. दख्खनी लघुचित्रात गालावर सावली पडत नाही. तिथे चेहरा घडतो तो बाह्यरेषेने. गोवळकोंड्याकडची अशी लघुचित्रे तेव्हा हॉलंडमध्ये पोचली होती. ॲमस्टरडॅमचे महापौर निकोलास विट्सेन यांच्या संग्रहातले महाराजांचे चित्र आज तिथल्याच राइक्सम्युझियममध्ये आहे. त्यामुळे डच छापचित्रात नाकाची धार, दाढी, शिरोभूषण यांची रेषा इकडची असू शकते. आडव्या-उभ्या रेघांची जाळी मात्र तिकडच्या कोरणीची. त्या सावलीवरून स्वभावाचा अंदाज बांधणे म्हणजे महाराजांऐवजी कोरक्याला वाचणे.

चेहऱ्याची दिशाही पुरावा म्हणून चालत नाही. मूळ चित्र पत्र्यावर जसेच्या तसे उतरवले, तर छाप आरशातल्यासारखी उलटते. हे पकडायचे कसे? कपड्यांवरून. त्या काळच्या संकेतानुसार जाम्याचे बंद हिंदू डाव्या काखेखाली बांधत, मुसलमान उजव्या. छापचित्रात बंद दिसत असतील आणि ते भलत्या बाजूला असतील, तर आधी शंका पत्र्यावर घ्यावी.

पुण्याच्या तांबटांना हा उलटेपणा चांगला ठाऊक होता. नाना फडणविसांच्या काळात इथे एका तांबटाला देवनागरी ताम्रपट कोरायला शिकवले गेले. पुढे 1805 मध्ये मिरजेत अशाच पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. त्यासाठी प्रत्येक अक्षर उलटे कोरावे लागे, कारण उलटे अक्षर छापले गेले की चूक लगेच दिसते. चेहरा उलटा छापला गेला तरी ओळखू येतो, आणि म्हणूनच त्यातली चूक शेकडो वर्षे खपून जाऊ शकते.