तंबाखूचा धूर आणि घरातील मूल

विडी ओढणारा एक असतो. तिचा धूर मात्र खोलीतील सर्वांच्या वाट्यास येतो. हा धूर दोन प्रकारचा असतो. एक, ओढणाऱ्याने छातीत घेऊन बाहेर सोडलेला. दुसरा, दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात जळत्या टोकातून आपोआप निघणारा. खोलीत साचणारा बहुतेक धूर या दुसऱ्या प्रकारचा होय. झुरका घेतला असता तंबाखू प्रखरतेने जळते. एरव्ही ती नुसती धुमसत राहते. अशा अपुऱ्या ज्वलनामुळे टोकाच्या धुरात कित्येक विषारी द्रव्ये अधिक प्रमाणात निर्माण होतात. तंबाखूच्या धुरात ७,००० हून अधिक रासायनिक द्रव्ये आढळली असून त्यांपैकी सुमारे ७० कर्करोगास कारण होतात.

या धुराचा अपाय ओढणाऱ्यापुरताच मर्यादित आहे, असे पूर्वी मानले जाई. १९८१ साली जपानी शास्त्रज्ञ ताकेशी हिरायामा यांनी दाखवून दिले की, धूम्रपान करणाऱ्यांच्या पत्नींना, त्या स्वतः धूम्रपान करीत नसतानाही, फुप्फुसाचा कर्करोग अधिक प्रमाणात होतो.

मुलांस तर हा धूर विशेष बाधतो. नवजात अर्भक मिनिटास सुमारे ४० वेळा श्वास घेते, प्रौढ मनुष्य स्वस्थ असता १२ ते १६ वेळा. मुलाच्या श्वासनलिका अरुंद असल्याने थोड्याशा सुजेनेही श्वास कोंडतो. न्यूमोनिया, दमा व मध्यकर्णाचा दाह हे विकार अशा घरांतील मुलांत अधिक आढळतात. तान्ह्या मुलांस झोपेत अकस्मात मृत्यू येण्याचा धोकाही वाढतो. शिवाय, मोठा मनुष्य उठून बाहेर जाऊ शकतो. पाळण्यातील मुलास ते शक्य नसते.

खिडकी उघडली वा पंखा लावला म्हणजे भागते, ही समजूत चुकीची आहे. धुराचे कण अतिसूक्ष्म असतात. पंखा ते खोलीभर पसरवितो. उदबत्तीने वास झाकला जातो, विष नाहीसे होत नाही.

सार्वजनिक जागी धूम्रपानास केरळ उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये मनाई केली. त्यानंतर २००३ चा कायदा झाला व २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम देशभर लागू झाले. परंतु कायदा घराच्या उंबरठ्याशी थांबतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत ३८.७ टक्के प्रौढांना घरातच हा धूर सोसावा लागत असल्याचे आढळले. त्याच घरांत मुलेही वाढत असतात.

तेव्हा घरात वा मोटारीत, मूल समोर नसतानाही, कोणीच धूम्रपान करू नये. वडीलधाऱ्यांस किंवा पाहुण्यांस तसे सांगणे अवघड वाटते. तरीही ते नम्रपणे सांगावे. विडी कायमची सोडणे हा सर्वोत्तम उपाय होय. तोवर निदान उंबरठ्याच्या आत ती पेटू नये.