तेल, वात आणि नववा दिवा

डिसेंबरच्या मध्यावर चंदीगडच्या स्वयंपाकघरात खोबरेल तेलाची बाटली उलटी धरली, तरी थेंब पडत नाही. साधारण २४ अंशांच्या खाली हे तेल गोठतं आणि इथला रात्रीचा पारा थेट पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. मुलांकडून हनुक्का या ज्यू सणाचे दिवे करून घ्यायला बसलं, की पहिला निर्णय घ्यावा लागतो तो तेलाचा. मुंबई-ठाण्याला डिसेंबरातही खोबरेलावर भागतं. चंदीगडला मात्र कोपऱ्यावरच्या दुकानातलं मोहरीचं तेल आणायचं, नाहीतर तिळाचं. ऑलिव्हचं तेल मिळालं तर उत्तमच, कारण जेरुसलेमच्या मंदिरातल्या ज्या दिव्याची आठवण म्हणून हा सण आहे, त्यात तेच जळत असे. पण ज्यू धर्मशास्त्र त्यावर अडून बसत नाही. नीट पेटणारं आणि सरळ ज्योत देणारं तेल चालतं.

चंदीगडमध्ये सिनेगॉग नाही. सगळ्यात जवळचं म्हणजे दिल्लीच्या हुमायून रोडवरचं १९५६ साली उभं राहिलेलं ज्यूडा हाइम सिनेगॉग, अडीचशे किलोमीटरवर. तिथली प्रार्थना वर्षानुवर्षं सांभाळणारे वकील एझिकेल आयझॅक मळेकर मूळचे पुण्याकडचे, बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. दिल्लीच्याच ज्यू दफनभूमीत लेफ्टनंट जनरल जे. एफ. आर. जेकब यांची कबर आहे. १९७१ च्या ढाक्याच्या शरणागतीशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे, ते हे कोलकात्याच्या बगदादी ज्यू घराण्यातले सेनानी १९९९ ते २००३ या काळात पंजाबचे राज्यपाल आणि चंदीगडचे प्रशासक होते. पण सिनेगॉगपासून इतक्या लांब, जिथे आजूबाजूला दुसरं ज्यू घर दिसत नाही, तिथे सण आठ रात्री चालवायचा तर तो घरातच घडवावा लागतो, आणि मुलांच्या हातांना त्यात खरं काम मिळतं.

हा सण हातानं शिकण्याची गोष्ट मराठी ज्यूंना नवी नाही. बेने इस्राएलींच्या परंपरेप्रमाणे त्यांचे पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून लागले आणि त्यातून सात जोडपी वाचली. दिवेकर, किहीमकर, पेणकर, अष्टमकर अशी गावांची नावं लावत ही मंडळी कुलाबा जिल्ह्यात पसरली, तेलाचे घाणे चालवू लागली आणि शनिवारी, शब्बाथच्या विश्रांतीच्या दिवशी, घाणा बंद ठेवायची म्हणून ‘शनवार तेली’ म्हणून ओळखली जाऊ लागली. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युअल किहीमकर यांनी हे आगमन इसवी सनापूर्वी १७५ च्या आसपास मानलं. ज्यूदा मक्काबीनं अँटायोकस राजाच्या सैन्याला हटवून जेरुसलेमचं मंदिर पुन्हा शुद्ध केलं आणि हनुक्का सुरू झाला ते त्यानंतर, इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमारास. म्हणून हनुक्का या लोकांच्या मूळ आठवणीत नव्हताच, असं किहीमकरांचं म्हणणं. आगमनाच्या सालावर अभ्यासकांचं एकमत नाही. पण हा सण कोकणातल्या घरांत नंतर आला, कोचीनकडच्या आणि इतर ज्यूंच्या संपर्कातून आला, असं सांगितलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या घाण्यावर तेल गाळणाऱ्यांना तेलाचा सण दुसऱ्याकडून शिकून घ्यावा लागला. ते तो शिकले, आणि दिव्याची सगळी सामग्री तर घरात आधीच होती.

चंदीगडच्या घरातही ती असतेच. दिवाळीच्या उरलेल्या पणत्या माळ्यावरच्या डब्यात असतात. त्या आदल्या दिवशी काढून काही तास पाण्यात बुडवून ठेवायच्या. कोरडी माती तेल पिते. मुलानं मोठ्या मायेनं भरलेली पणती अर्ध्या तासात रिकामी होते आणि खाली टेबलावर तेलाचा डाग उरतो. भिजवून, पुसून, सावलीत सुकवलेली पणती तेल धरून ठेवते. सात वर्षांच्या मुलाला हे काम एकट्याला देता येतं, आणि मूल ते फार गंभीरपणे करतं.

वाती वळणं मात्र शिकवावं लागतं. कापसाचा पुंजका घ्यायचा, बिया-काड्या वेचायच्या, बोटांनी हलकेच ओढून लांब पदर काढायचा आणि तळहातांवर वळायचा. बोट दुधात किंचित बुडवलं तर कापूस सुटत नाही. हे देवघराशी बसणाऱ्या आजी-आत्यांनी मराठी घरांत नेहमीच दाखवलेलं आहे. मुलांची पहिली वात जाड होते, तीही बऱ्याचदा मध्ये फुगलेली आणि टोकांना बारीक. मोहरीच्या तेलात जाड वात काजळी धरते आणि पांढऱ्या भिंतीवर तिची रेघ उमटते. बारीक, सारखी आणि घट्ट वात लागते. शिवाय ती पणतीच्या चोचीच्या बाहेर जेमतेम पाव इंच काढायची. जास्त काढली तर ज्योत उंच होऊन तेल पटकन संपतं. आठ रात्रींसाठी ३६ वाती, आणि रोज लागणाऱ्या सेवक दिव्याच्या आठ धरल्या तर ४४. एक दुपार पुरते. चार मुलं असतील तर गप्पांसकट.

ज्या वस्तूवर हे दिवे लावतात तिला हनुक्किया म्हणतात, आणि मुलांच्या हस्तकलेचा खरा कस लागतो तो इथेच. नऊ दिवे हवेत. आठ एकाच उंचीचे, एका ओळीत. नववा, ‘शमाश’ म्हणजे सेवक, त्या ओळीपासून वर किंवा बाजूला. मुख्य आठ दिव्यांच्या उजेडात वाचायचं नाही, काम करायचं नाही, तो उजेड नुसता पाहण्यासाठी. म्हणून कामाचा दिवा वेगळा. एकमेकांना चिकटून गोल मांडलेल्या ज्योती चालत नाहीत. तालमूद या ज्यू धर्मग्रंथात याचा उल्लेख आहे: वाडग्यात तेल घालून भोवती वाती लावल्या तर अनेक दिवे न होता एकच जाळ दिसतो, तो मोजला जात नाही. लहान मुलांना मात्र गोलच आवडतो! म्हणून आधी त्यांना तसं मांडू द्यावं, खोली अंधारी करून दाखवावं. ज्योती एकमेकींत मिसळतात आणि ‘आज कितवा दिवस?’ याचं उत्तर लांबून सांगता येत नाही. मूल स्वतःच पणत्या दोन-दोन बोटं दूर सरकवतं.

पाया म्हणून घरात पडलेली फरशी सगळ्यात चांगली. बाथरूमच्या टाईल्स लावताना उरलेली दीड-दोन फूट लांबीची पट्टी कोणत्याही बांधकामाजवळ मिळते. लाकडी फळी असेल तर तिच्यावर ओल्या वाळूचा थर तरी हवा. आठव्या दिव्यानंतर सेवक दिव्यासाठी छोट्या विटेचा तुकडा किंवा पालथी घातलेली कुंडी ठेवली की उंची साधते.

सजावटीला या शहराकडे एक मोठा धडा आहे. रस्ते खात्यात निरीक्षक असलेले नेकचंद सैनी टाकून दिलेल्या वस्तूंतून गुपचूप जे घडवत राहिले, ते १९७६ साली रॉक गार्डन म्हणून लोकांसाठी खुलं झालं. फुटक्या कपबशांचे, विजेच्या सॉकेटांचे, बांगड्यांचे पुतळे तिथे रांगेनं उभे आहेत. सुट्टीत ती बाग पाहिलेलं मूल हनुक्कियासाठी बांगड्या मागतं, आणि त्या द्याव्यातही. पण काचेच्याच आणि अख्ख्या. फुटलेली काच लहान हातांसाठी नाही. लाखेच्या बांगड्या मुळीच नकोत, लाख उष्णतेनं वितळते आणि पेटते, प्लास्टिकचंही तेच. काचेच्या बांगड्या फरशीच्या कडेला, ज्योतीपासून हातभर नाही तरी चार-पाच बोटं दूर, खालच्या बाजूला चिकटवायच्या. चिकटवलेला भाग रात्रभर सुकू द्यायचा. धुक्याच्या दिवसांत चंदीगडला फेव्हिकॉल काय किंवा मातीचा गोळा काय, सुकायला नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ घेतो. म्हणून हे काम सणाच्या तीन-चार दिवस आधीच काढावं.

याहून जुना आणि मराठी मुलांना आवर्जून दाखवावा असा एक नमुना मुंबईच्या ज्यू घरांतला आहे. भिंतीवर टांगायची पितळेची किंवा लाकडाची पाटी, तिला कड्या, आणि कड्यांत काचेचे छोटे पेले. पेल्यात तळाशी पाणी, वर तेल, त्यावर वात. काही पाट्या सहा टोकांच्या चांदणीच्या आकाराच्या. घरी हे करायचं तर भिंतीवर न टांगता ओळीत ठेवलेले नऊ जाड काचेचे पेले घ्यावेत. तेल पाण्यावर तरंगतं हे मुलाच्या डोळ्यांसमोर घडतं, आणि वातीला आधार म्हणून बुचाची पातळ चकती मध्ये भोक पाडून पत्र्याच्या तुकड्यानं झाकली की ती वर राहते. तेल संपलं की ज्योत पाण्याला टेकून आपोआप विझते. मातीच्या पणतीपेक्षा हे सुरक्षित आहे, आणि विचार करणाऱ्या मुलाला अधिक रंजक.

दिवा किती वेळ जळला पाहिजे, यालाही नियम आहे. अंधार पडल्यावर किमान अर्धा तास. म्हणून सणाआधी एक चाचणी करावी: एकाच पणतीत चमच्यानं मोजून तेल घालायचं, मोठ्या माणसानं पेटवायचं आणि घड्याळाकडे मुलानं बघायचं. आठ-नऊ वर्षांची मुलं हा हिशेब वहीत लिहून काढतात: किती चमचे, किती मिनिटं, वात जाड की बारीक. ही वही सजावटीपेक्षाही जपण्यासारखी वाटते. लावतानाचा क्रमही मुलांना सांगावा. पणत्या उजवीकडून डावीकडे भरत जायच्या, पेटवायला मात्र सगळ्यात नव्या, म्हणजे डावीकडच्या दिव्यापासून सुरुवात करायची.

मग भोवरा. हनुक्काचा भोवरा, ‘ड्रेडेल’, चार बाजूंचा असतो आणि प्रत्येक बाजूवर एक हिब्रू अक्षर: नून, गिमेल, हे, शिन. ‘तिथे मोठा चमत्कार घडला’ या वाक्यातल्या शब्दांची ही आद्याक्षरं. इस्राएलमध्ये शिनच्या जागी पे असतं, कारण तिथल्या लोकांसाठी मंदिरातल्या दिव्याचा तो चमत्कार ‘इथे’ घडला. नून आलं तर काही नाही, गिमेल आलं तर मधली सगळी रास, हे आलं तर अर्धी, शिन आलं तर आपल्यातलं एक घालायचं. रास शेंगदाण्यांची ठेवावी. हिवाळ्यात चंदीगडच्या प्रत्येक नाक्यावर भाजकी मूंगफली विकायला असते.

मुलांच्या हातचा सोपा भोवरा जाड पुठ्ठ्याच्या चौकोनातून होतो. कोपऱ्यांतून दोन तिरक्या रेघा मारल्या की त्या जिथे छेदतात तो नेमका मध्य. तिथे टोकदार काडी घालायची. पुठ्ठा काडीवर खाली, टोकाजवळ बसवला तर भोवरा स्थिर फिरतो, वर बसवला तर लगेच डगमगतो. मुलांनी दोन्ही करून पाहावेत. मध्य थोडा जरी चुकला, तर भोवरा एकाच बाजूवर पडत राहतो आणि खेळ अन्यायाचा होतो. मग वाद होतात, आणि त्या वादातून पट्टी वापरायची सवय लागते.

२०२६ मध्ये पहिली रात्र ४ डिसेंबरला आहे, आणि तो नेमका शुक्रवार. शुक्रवारी हनुक्काचे दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी, म्हणजे सूर्यास्ताच्या आत लावावे लागतात, तरीही अंधार झाल्यावर अर्धा तास ते जळत राहिले पाहिजेत. चंदीगडला त्या दिवसांत सूर्य साडेपाचच्या आतच मावळतो, मुंबईपेक्षा जवळपास पाऊण तास आधी. त्यामुळे त्या संध्याकाळी शाळेतून आल्या-आल्या पणत्या भरायला बसायचं आणि चाचणीच्या वहीत अर्ध्या तासाला जेवढं तेल लागलं असेल, त्याच्या दुपटीहून थोडं जास्तच घालायचं.