कव्हरची मागची बाजू

नव्वदच्या दशकात सीडी आल्या आणि मुंबईतल्या घरांनी एलपी रद्दीत काढल्या. त्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर आणि फोर्टातल्या फुटपाथवर येऊन पडल्या. ढिगात जिम रीव्ह्ज हमखास, जॅझ क्वचित. आमच्या कंपूला तेव्हा ओढ होती ती मोठ्या नावांचीच. कोल्ट्रेनची जरा बरी रेकॉर्ड हाती लागली, की ज्याच्याकडे धड टर्नटेबल होतं त्याच्या दादरच्या घरी रविवारी बैठक. पहिली बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, एवढा एकच नियम. मग जो वाद पेटायचा, त्यात दुसरी बाजू कधी कधी राहूनच जायची.

आम्ही आडवाटेला लागलो ते ‘रागा जॅझ स्टाइल’मुळे. शंकर-जयकिशन यांची १९६८ची ही एलपी. अकरा राग, रईस खाँची सतार आणि भोवती सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार, ड्रम. आमच्यातल्या सोवळ्यांनी पहिल्याच दिवशी निकाल दिला : सिनेमावाल्यांची गंमत. रागदारीवाल्यांना ती त्रोटक वाटली, जॅझवाल्यांना फार बांधीव. दोन्ही आक्षेप खरे आहेत. तोडीसारखा राग काही मिनिटांत उरकायचा म्हणजे काय! पण एकाने वादकांची नावं मोठ्याने वाचायला घेतली आणि बैठकीचा नूर पालटला. मनोहारी सिंग, जॉन परेरा, लेस्ली गुदिन्हो, लुसिला पाचेको. तबल्यावर रमाकांत म्हापसेकर. यातल्या कितीतरी जणांना आपण रेडिओवर लहानपणापासून ऐकत आलो होतो, फक्त नावानिशी नाही.

तेव्हापासून रेकॉर्ड हातात आली की आधी ती उलटी करून बारीक टायपातली नावं वाचायची, ही सवयच जडली. नावांच्या मागे लागलो की गाडी हटकून गोव्यात पोचायची. चिक चॉकलेट हे त्यातलं सगळ्यात झोकदार नाव. मूळचे अंतोनियो झेवियर वाझ. मुंबईचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून त्यांची ट्रंपेट गाजत होती आणि आपल्या सी. रामचंद्रांच्या संगीतामागेही तेच होते. १९५१च्या ‘अलबेला’त त्यांचा बँड पडद्यावर दिसतोसुद्धा. भगवानदादांवरची नजर जरा बाजूला केली तर.

त्याही आधीच्या काळासाठी ७८च्या लाखेच्या तबकड्यांकडे वळावं लागलं. तिथे एलपीची सुई चालत नाही, जाड सुई लागते. आणि तबकडी हातातून निसटली की संपलंच. लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड १९३५मध्ये ताजमध्ये आला, त्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड. हा इतिहास आम्हाला तुकड्या-तुकड्यांनी सापडत होता. २०१२मध्ये नरेश फर्नांडिस यांचं ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे पुस्तक आलं आणि आमची निम्मी भांडणं मिटली. त्याचा थोडा रागही आला, खोटं कशाला बोला.

उरलेली निम्मी अमान्सियो डिसिल्वा यांच्यावरून. मुंबईत जन्मलेला हा गोवेकर गिटारवादक १९६७मध्ये लंडनला गेला. तिथे १९६९मध्ये निघालेल्या ‘इंटिग्रेशन’वर मुंबईतल्या एका रस्त्याच्या नावाची रचना आहे. त्याच वर्षी जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर केलेल्या ‘हम दोनो’वर गोव्यासाठी एक बॅलड. कंपूत आधी पोचली ती एका मित्राच्या भावाने लंडनहून पाठवलेली ‘हम दोनो’ची कॅसेट. खरखरीसकट ऐकली आणि सगळे गप्प. त्यात सतार नाही, तबला नाही. गिटार, अल्टो सॅक्सोफोन, फ्लूगलहॉर्न, बास, ड्रम आणि नॉर्मा विन्स्टनचा शब्दांविना फिरणारा आवाज, बस्स. तरी गिटार एका सुरावर रेंगाळून पुढच्यावर ज्या तऱ्हेने उतरते, ते कान इथलेच. याच हॅरियटने १९६६मध्ये कोलकात्याच्या जॉन मेयरबरोबर ‘इंडो-जॅझ सूट’ केलं होतं. त्यात सतार-तबला सगळं आहे, पण मेयरचं लिखित संगीत वादकांना मोकळं होऊ देत नाही. शेजारी शेजारी लावून ऐका, फरक कळतो. त्या रविवारनंतर ‘भारतीय जॅझ’ म्हटलं की वाद्यांची यादी तपासायचं आम्ही सोडलं.

डिसिल्वांचं ‘कोंकण डान्स’ तर सत्तरच्या दशकात ध्वनिमुद्रित होऊन तसंच पडून राहिलं. ते बाहेर आलं २००६मध्ये, डिसिल्वा गेल्यानंतर दहा वर्षांनी. एव्हाना आमचा ढिगाऱ्यांचा काळही सरत आला होता. पुढे २०१६मध्ये काळा घोड्याचं ‘रिदम हाउस’ हे रेकॉर्डींचं दुकान बंद झालं. दुर्मीळ म्हणून मिरवायच्या रेकॉर्डी आता नव्याने छापून येतात आणि मूळ प्रतींचे भाव आमच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. माझ्याकडे ‘हम दोनो’ आहे ती पुनर्मुद्रितच. मला ती ‘इंटिग्रेशन’पेक्षा सरस वाटते, कारण हॅरियट डिसिल्वांना स्वस्थ बसू देत नाही. कंपूतल्या गिटारवाल्याला हे अजिबात मान्य नाही. त्याच्या मते हॅरियट मध्ये मध्ये येतो.