अंगावर एका वेळी किती वास?

सकाळी सव्वाआठची लोकल पकडायला निघालेल्या माणसाच्या अंगावर किती वास असतात? साबणाचा एक, शॅम्पूचा दुसरा, केसांच्या तेलाचा किंवा जेलचा तिसरा. दाढी केली असेल तर आफ्टरशेव्हचा, उन्हात जायचं असेल तर सनस्क्रीनचा, काखेत डिओचा. शर्टाला धुण्याच्या पावडरीचा आणि त्यावर फॅब्रिक कंडिशनरचा. मग दारातून बाहेर पडता पडता मनगटावर आणि मानेवर परफ्यूमचे दोन फवारे. नऊ झाले. यातला प्रत्येक वास कुणा जाणकाराने मेहनतीने जुळवलेला असतो, पण जुळवताना उरलेल्या आठांची त्याला कल्पना नसते. लिंबू, लव्हेंडर, व्हॅनिला, चंदन आणि स्ट्रॉबेरी अशी मंडळी एकाच कातडीवर येऊन उभी राहतात आणि परफ्यूमसाठी मोजलेले दोन-तीन हजार रुपये त्या गर्दीत हरवतात.

‘लेअरिंग’ म्हणजे एकावर एक सुगंध चढवून स्वतःचा खास वास तयार करणं. सध्या त्याची मोठी चलती आहे. दोन परफ्यूम एकत्र कसे लावावेत, खाली कुठलं लोशन असावं, केसांवर काय फवारावं, याचे सल्ले चहूकडून मिळतात. पण नऊ वास घेऊन फिरणारा माणूस लेअरिंग आधीपासून करतोच आहे, फक्त नकळत. त्यामुळे या कलेची सुरुवात नवी बाटली विकत घेण्यापासून होत नाही. आधीच्या नवांतले पाच-सहा वास कमी करण्यापासून होते.

पाश्चात्त्य बाजारात या कल्पनेला रूढ केलं ते जो मलोन या ब्रिटिश बाईंनी. घरी फेशियल करून देणाऱ्या मलोन यांनी आपल्या ग्राहकांसाठी जायफळ आणि आल्याच्या वासाचं अंघोळीचं तेल बनवलं, ते लोकप्रिय झालं आणि १९९४ मध्ये लंडनच्या वॉल्टन स्ट्रीटवर त्यांचं दुकान उघडलं. त्यांचे सुगंध मुद्दाम साधे, दोन-तीन ठळक वासांवर बेतलेले होते. साधेपणामुळेच ते एकमेकांवर चढवता येत. पुढे २००६ मध्ये गेझा शोन या जर्मन परफ्यूमरने ‘मॉलेक्यूल ०१’ आणला. त्यात ‘आयसो ई सुपर’ हा लाकडी वासाचा एकच कृत्रिम घटक आहे. तो अनेकजण दुसऱ्या परफ्यूमच्या खाली लावतात.

आखातात मात्र ही फॅशन नाही, रोजचा रिवाज आहे. मस्कत, दुबई किंवा कुवेतमध्ये नोकरी केलेल्या मराठी माणसांनी तो जवळून पाहिलेला असतो. अंघोळीनंतर कानामागे आणि मनगटावर ऊदाच्या तेलाचा थेंब. निखाऱ्यावर बखूर, म्हणजे सुगंधी तेलात मुरवलेल्या ऊदाच्या ढलप्या, आणि त्या धुरावर धरलेले कपडे. सर्वांत शेवटी फवाऱ्याचा परफ्यूम. घरी आलेल्या पाहुण्यांसमोरही हे धुपाटणं फिरतं आणि ते फिरलं की निरोपाची वेळ झाली असं समजायचं. आपल्याकडच्या समारंभांतल्या अत्तर-गुलाबाशी याचं नातं ओळखू येतं.

नातं व्यापाराचंही आहे. ऊद मिळतो तो अगरूच्या झाडाला बुरशीची लागण होऊन लाकडात राळ साठते तेव्हा, आणि आसाम हा या झाडाचा जुना प्रदेश. तिथल्या हाजी अजमल अली यांनी १९५१ मध्ये मुंबईत अत्तराचा व्यवसाय मांडला आणि त्यातूनच पुढे आखातभर पसरलेली ‘अजमल’ ही कंपनी उभी राहिली. १९७९ मध्ये दुबईत ‘रसासी’ सुरू करणारे अब्दुल रझाक कळसेकर हे तर कोकणी घराण्यातले. नवीन पनवेलच्या पॉलिटेक्निकला त्यांचं नाव आहे. अरबी सुगंध म्हणून जे मोठ्या कौतुकाने विकत घेतलं जातं, त्यात मुंबई आणि कोकणच्या माणसांचा असा वाटा आहे.

आखाती पद्धतीतला क्रम महत्त्वाचा, कारण त्यामागे पक्कं रसायनशास्त्र आहे. वास म्हणजे हवेत उडून नाकापर्यंत पोचलेले रेणू. हलके रेणू लवकर उडतात, जड रेणू रेंगाळतात. लिंबू-संत्र्याच्या सालीतल्या लिमोनीनचा रेणूभार १३६. तो पंधरा-वीस मिनिटांत बराचसा निघून जातो. चंदनातल्या सँटालॉलचा २२०. तो तासन् तास अंगावर राहतो. कस्तुरीची नक्कल करणारे, साबणात आणि धुण्याच्या पावडरीत घातले जाणारे काही कृत्रिम घटक याहूनही जड आहेत आणि ते कापडाच्या धाग्याला धरून बसतात. म्हणून जड आणि तेलकट वास आधी, त्वचेलगत. हलका आणि अल्कोहोलमधला वास नंतर, वरून. कोरड्या त्वचेवरून सुगंध भराभर उडतो, किंचित स्निग्ध त्वचेवर टिकतो. बिनवासाचं लोशन किंवा खोबरेल तेलाचा पुसट हात हा या सगळ्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी थर आहे.

कनौजचं पारंपरिक अत्तर याच तत्त्वावर उभं आहे. तांब्याच्या डेगमध्ये गुलाब, मोगरा किंवा केवडा उकळतो, वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात, म्हणजे ती गोळा करणाऱ्या भांड्यात, उतरते आणि तिथे आधीपासून असलेल्या चंदनाच्या तेलात मुरते. फुलाचा उडता वास आणि चंदनाचा ठाम वास यांचं लग्न बाटलीत भरण्याआधीच लागलेलं असतं. चंदनतेल महागल्यामुळे आता पुष्कळ ठिकाणी त्याऐवजी पॅराफिनसारखं स्वस्त तेल वापरतात. तिथे वास येतो, पण टिकाव आणि खोली हरवते.

हा विचार भारतात किती जुना आहे हे पाहायचं तर सहाव्या शतकातल्या वराहमिहिराकडे जावं लागतं. बृहत्संहितेत त्याचं ‘गंधयुक्ती’ नावाचं प्रकरण आहे आणि ते सुरू होतं केस रंगवण्यापासून. लोखंड आणि आंबट पदार्थ वापरून केलेला कलप झाला की डोकं धुऊन, सुगंधी तेल लावून लोखंडाचा आणि आंबूस वास आधी घालवावा, मगच पुढचे सुगंध, असं तो सांगतो. डिओचे फवारे मारून घामाचा वास दडपू पाहणाऱ्या आजच्या माणसाला हे लागू पडतं. घाम स्वतः जवळपास बिनवासाचा असतो. त्यावर जगणारे जिवाणू वास तयार करतात आणि वरून टाकलेला सुगंध त्या वासात मिसळून तिसरंच काही निर्माण करतो. याच प्रकरणात वराहमिहीर १६ द्रव्यांतून चार-चार निवडली तर १,८२० मिश्रणं होतात हा हिशेबही देतो. पण त्याची सर्वांत मोलाची सूचना धुरीबद्दल आहे. राळ, गूळ आणि ‘नख’ नावाचं सुगंधी द्रव्य यांची धुरी द्यायची ती एकेकाची, क्रमाने. सगळ्यांचा एकत्र गोळा करून नाही. शेवटी कस्तुरी-कापराचा ‘बोध’ द्यायचा. लेअरिंग म्हणजे मिसळण नव्हे, हे दीड हजार वर्षांपूर्वी इतक्या नेमकेपणाने कुणीतरी लिहून ठेवलं आहे.

पुढे बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लासा’त राजाचे वीस उपभोग वर्णन केले. त्यांत स्नान, विलेपन, वस्त्र आणि माळा यांना स्वतंत्र जागा आहे आणि विलेपन ऋतूप्रमाणे बदलतं. अत्तराचे शौकीन आजही उन्हाळ्यात वाळा आणि थंडीत हिना किंवा शमामा लावतात ते याच समजुतीने. आणखी एक धागा थेट पुण्यात येतो. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी गंगाधराचा ‘गंधसार’ आणि त्याच्यासोबतचा ‘गंधवाद’ हे सुगंधशास्त्राचे ग्रंथ प्रकाशात आणले. गंधवादावर जुन्या मराठीत टीका आहे. गंधसारात सुगंधाच्या सहा प्रक्रिया दिल्या आहेत: भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. भिजवणं, शिजवणं, जागं करणं, भेदणं, धुरी देणं, फुलांत ठेवून वास लावणं. मराठी वाचकाला या ग्रंथांची नावंही सहसा ठाऊक नसतात, याची हळहळ वाटते.

ग्रंथ विसरले गेले तरी घरातली रीत टिकली. नरक चतुर्दशीच्या पहाटेचं अभ्यंगस्नान पाहा. आधी कोमट सुगंधी तेल, मग नागरमोथा, गव्हला-कचोरा, वाळा, आंबेहळद, संत्र्याची साल यांचं उटणं, नंतर ऊन पाणी. तेलाने त्वचा स्निग्ध होते, उटणं जास्तीचं तेल उचलून नेतं आणि मुळा-कंदांचे जड, मातकट वास मागे ठेवतं. त्यावर लावलेलं अत्तर दुपारपर्यंत सहज टिकतं. हा पूर्ण विचार करून रचलेला क्रम आहे. चैत्रातल्या हळदीकुंकवातही मनगटाला अत्तर, अंगावर गुलाबपाणी आणि केसांत मोगऱ्याचा गजरा असा तीन पातळ्यांचा सुगंध असतो, आणि मोगरा तिथे निःसंशय मुख्य असतो. बाकीचे दोघं त्याच्या मागे उभे राहतात.

हीच गोष्ट बाटल्या निवडताना धरून ठेवावी. थर दोन किंवा फार तर तीन, आणि त्यांत गुंतागुंतीचा एकच. दोन भरगच्च परफ्यूम एकावर एक लावले की त्यांचे तळाचे वास भांडतात आणि दुपारी चारनंतर उरतो तो गोडसर, जाडसर चिकटा. चंदन, वाळा, कस्तुरी, साधं व्हॅनिला हे खाली ठेवायला चांगले. लिंबूवर्गी आणि फुलांचे वास वर. दोघांत एखादा घटक समान असेल तर जोडी सहसा जमते. मनगटावर लावून लगेच निकाल देऊ नये. अर्धा तास थांबून, पुन्हा तीन तासांनी हुंगून पाहावं. आणि आपल्याला वास येईनासा झाला म्हणून पुन्हा फवारू नये: काही मिनिटांतच नाक ओळखीच्या वासाकडे दुर्लक्ष करायला लागतं, शिवाय काही जड कस्तुरीसदृश रेणू कित्येकांना मुळात येतच नाहीत. शेजारी बसलेल्याला ते येत असतात. फॅब्रिक कंडिशनरमधल्या सूक्ष्म सुगंधी कुप्या कापड घासलं की फुटतात. लोकलच्या भरलेल्या डब्यात ते घासणं किती होतं हे सांगायला नको. दम्याच्या किंवा अर्धशिशीच्या रुग्णाला तो प्रवास फार जड जातो, आणि याची जाणीव सुगंधाच्या शौकिनाने ठेवायलाच हवी.

त्वचेचाही हिशेब आहे. लिमोनीन आणि लिनॅलूल हवेत राहून ऑक्सिडाइझ झाले की काहींना त्यांची ॲलर्जी होते. प्रत्येक थरात हेच घटक असतील तर मात्रा वाढत जाते. युरोपीय संघाने २००३ मध्ये अशा २६ घटकांची नावं वेष्टनावर छापणं बंधनकारक केलं आणि २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेली. आपल्याकडच्या पुष्कळ वेष्टनांवर मात्र ‘फ्रॅग्रन्स’ एवढाच शब्द सापडतो. ‘अनसेंटेड’ लिहिलेल्या वस्तूतही कच्च्या मालाचा वास झाकणारा सुगंध असू शकतो, तेव्हा खाली बिनवासाचा थर हवा असेल तर ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ हे शब्द शोधावेत. नव्याने दाढी केलेल्या गालावर किंवा वॅक्सिंग केलेल्या हातावर काहीही फवारू नये.

दिवाळीत हे सगळं करून पाहायची चांगली संधी असते. उटणं लावलेल्या दिवशी सुगंधी साबण आणि डिओ यांना सुट्टी द्यावी, कानामागे हिन्याचा एक थेंब पुरे. पैठणी किंवा जरीचं उपरणं असेल तर अत्तर आधी लावून ते त्वचेत पूर्ण मुरू द्यावं आणि मगच वस्त्र नेसावं, कारण रेशमावर तेलाचा डाग पडतो, अल्कोहोलचा फवारा रंगाला बाधतो आणि जर काळवंडू शकते.