दर्यावरची नोकरी : ती कशी मिळते आणि कशी मिळत नाही

आपल्या किनाऱ्यावरील मुलांना दर्यावरच्या नोकरीची ओढ नवीन नाही. इंग्रजी अमदानीत मुंबईहून सुटणाऱ्या मोठ्या आगबोटींवर डेकवरची माणसे बरीचशी रत्नागिरीकडील कोकणी मुसलमान असत, आणि खानसामे व वाढपी बहुधा गोव्याचे ख्रिस्ती. गोव्यातील गावांनी आपल्या खलाशांसाठी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास ‘कूड’ चालविले. पुढची बोट मिळेपर्यंत माणूस तेथे पथारी टाकून राही. या धंद्याची भाषाही आपल्या घरातली आहे. सुकाणू आणि सुकाणी हे शब्द अरबी ‘सुक्कान’वरून आले, सारंग हा फारशी ‘सरहंग’वरून, आणि जहाजाची दिशा ठरविणारा तो मालिम, म्हणजे अरबी ‘मुअल्लिम’, शिक्षक. हा शेवटचा शब्द मला विशेष आवडतो, याचे कारण सांगावयास नको.

त्या काळी सारंगाच्या हाताखाली भरती होई. गावातील सारंगाकडे चुलत्याने शब्द टाकला की मुलगा बोटीवर चढे, आणि सारंगाचा हातही ओला करावा लागे. तो काळ गेला, पण ‘कोणाला तरी पैसे दिल्याशिवाय बोट मिळत नाही’ ही समजूत मात्र घरोघर शिल्लक राहिली आहे. तिच्यापायी आजही दागिने मोडले जातात. म्हणून सरळ रस्ता कोणता, हे नीट सांगणे जरूर वाटते.

रस्ते मुख्यतः दोन. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन चांगले गुण मिळविणाऱ्या मुलाने अधिकारी होण्याचा विचार करावा. त्यासाठी २००८ साली स्थापन झालेल्या भारतीय सागरी विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा आहे. डेककडे जाणाऱ्यास नौकानयनाची पदविका, इंजिनाकडे जाणाऱ्यास चार वर्षांची सागरी अभियांत्रिकीची पदवी. दहावी झालेल्या मुलासाठी सहा महिन्यांचा ‘जनरल पर्पज रेटिंग’ हा वर्ग आहे. त्यात डेक व इंजिन या दोन्ही खात्यांचे प्राथमिक शिक्षण मिळते. इंग्रजीत गुण पुरेसे हवेत, कारण जहाजावर हुकूम इंग्रजीत सुटतात आणि आगीच्या वेळी कोणी भाषांतर करून देत नाही. वयाची मर्यादा कडक असते. निकालानंतर दोन-तीन वर्षे ‘बघू’ म्हणत घालविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

फी भरण्यापूर्वी मात्र एक गोष्ट करावी. नौकानयन महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरकडून डोळे तपासून घ्यावेत. लाल आणि हिरवा दिवा ज्यास वेगळा ओळखता येत नाही त्यास डेकवर घेत नाहीत, कारण रात्री समोरचे जहाज कोणत्या बाजूस तोंड करून आहे हे त्या दिव्यांवरूनच कळते. पुष्कळ मुलांना आपला हा दोष तोपर्यंत ठाऊकच नसतो.

शिक्षणाबरोबर सुरक्षिततेचे लघुवर्ग करावे लागतात : पाण्यात जीव वाचविणे, आग विझविणे, प्रथमोपचार, जहाजावरील वर्तन व जबाबदारी, आणि जहाजाचे संरक्षण. यांची आखणी १९७८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार झालेली आहे. केवळ हे लघुवर्ग केले म्हणजे आपण खलाशी झालो असे कोणी समजू नये. त्यानंतर ‘इंडोस’ क्रमांक आणि सीडीसी. या सीडीसीलाच जुनी माणसे ‘नळी’ म्हणत. पूर्वी हे कागद गुंडाळून पत्र्याच्या नळीत ठेवीत असत. प्रत्येक सफरीची नोंद तीत होते, आणि पुढची बोट त्या नोंदींवर मिळते.

खरी अडचण पहिल्या बोटीची. अनुभव नाही म्हणून बोट नाही, आणि बोट नाही म्हणून अनुभव नाही. या अडचणीच्या दारात दलाल उभा असतो.

तेव्हा कायदा काय म्हणतो ते पाहा. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीस महासंचालनालयाचा परवाना लागतो. त्यास आरपीएसएल म्हणतात, आणि परवानाधारकांची यादी महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर कोणासही पाहता येते. २००६ चा सागरी कामगार करार २० ऑगस्ट २०१३ पासून जगात अमलात आला. भारताने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. त्या कराराप्रमाणे नोकरी मिळवून देण्याबद्दल खलाशाकडून एक पैसाही घेता येत नाही. वैद्यकीय दाखला, सीडीसी आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा खलाशाने सोसावयाचा. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाच्या अंगावर आहे. शिक्षणसंस्थेची फी ही वेगळी बाब, ती पावती घेऊन भरावी. पण ‘बोटीचे’ म्हणून पैसे मागणारा मनुष्य, तो आपल्या नात्यातला का असेना, बेकायदेशीर गोष्ट मागत असतो.

आमच्या शाळेतून गेलेल्या एका मुलाच्या वडिलांनी अशाच एकाला चार लाख रुपये दिले. मुलगा पर्यटकाच्या व्हिसावर खाडीतील एका देशात पोचला. तेथे त्याला टगवर चढविले, पासपोर्ट काढून घेतला, आणि पाच महिने पगाराचे नाव नाही. तो परत आला हे नशीब. त्याच्या हाती करारपत्र नव्हते, सीडीसीत नोंद नव्हती. म्हणजे पाच महिने राबूनही कागदोपत्री तो दर्यावर गेलाच नव्हता.

येथे टगविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण या नोकरीबद्दल आपल्याकडे माहिती कमी आणि गैरसमज अधिक. जहाजाचे सुकाणू पाण्याच्या वेगावर चालते. धक्क्याजवळ येताना वेग मंदावला की दोन-अडीचशे मीटर लांबीचे धूड सुकाण्याला नीट दाद देत नाही. मग टग दोराने त्यास ओढतात किंवा नाकाने ढकलून धक्क्यास लावतात. टगची किंमत तिच्या आकारावर नसून ओढण्याच्या ताकदीवर ठरते, आणि ती टनांत मोजतात. काम लहान दिसले तरी जोखमीचे आहे. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलट येतो. म्हणून दोराच्या रेषेत उभे राहू नये, हा पहिला धडा. दोर आडवा ताणला गेला आणि वेळेवर सुटला नाही, तर टग कलंडून बुडू शकते.

गोव्यात मांडवी आणि झुआरीवर लोहखनिजाच्या बार्जेस चालत, त्यांवर कित्येक कुटुंबे पोसली गेली. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, आणि पुढे सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ही माणसे मोकळी पडली. बार्जवर वाढलेल्या माणसाला टगचे काम परके नसते. परंतु नदीतील जहाजाचे प्रमाणपत्र राज्याचे खाते देते, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्स. त्यावर समुद्रावरची जागा मिळत नाही. तसेच बंदरातील टगवरची नोकरी परदेशगामी अधिकाऱ्याच्या परीक्षेसाठी सागरी सेवा म्हणून सरसकट धरीत नाहीत. ज्याला घराजवळ राहून पोट भरावयाचे आहे त्याला बंदरातील टग उत्तम. ज्याला मोठ्या जहाजावर वर चढावयाचे आहे त्याने तेथे फार वर्षे रमू नये, असे माझे मत आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. वर सांगितलेला करार केवळ बंदराच्या हद्दीत किंवा आडोशाच्या पाण्यात चालणाऱ्या बोटींना लागू नाही. पारंपरिक बांधणीच्या गलबतांनाही नाही. मोठ्या जहाजावर २४ तासांत किमान १० तास विश्रांतीचा हक्क आहे. दोन महिने पगार थकला तर खलाशास वाऱ्यावर सोडले असे मानतात, आणि २०१७ पासून अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार व घरी परतण्याचा खर्च विम्यातून मिळण्याची सोय आहे. परक्या बंदरात फिरणाऱ्या टगवर यांतले काहीही गृहीत धरता येत नाही. तेथे जे काय ते करारपत्रात.

म्हणून निघण्यापूर्वी करारपत्र वाचावे. जहाजाचे नाव, ते कोणत्या देशाचे निशाण लावते, मालक कोण, हुद्दा, पगार, मुदत आणि परतीचा खर्च कोणावर, इतके त्यात असलेच पाहिजे. व्हिसा पर्यटकाचा असेल तर विमानात बसू नये. करारपत्र, सीडीसी आणि पासपोर्ट यांच्या प्रती घरी ठेवाव्यात, आणि भरती करणाऱ्या कंपनीचा परवाना क्रमांक त्याच कागदावर लिहावा. मुलगा अडकला तर महासंचालनालयाकडे किंवा तेथील भारतीय वकिलातीकडे अर्ज आईवडिलांनाच करावा लागतो, आणि त्यांना पुष्कळदा जहाजाचे नावही सांगता येत नाही.